वर किती, खाली किती? सर्किट ट्रेनिंगबद्दल वाचकांचे प्रश्न

सर्किट ट्रेनिंग म्हणजे ठरावीक व्यायाम (त्यांना ‘स्टेशनं’ म्हणतात) मोजक्या विश्रांतीने एकामागून एक करत फेऱ्या पूर्ण करणं. या वेळी त्याबद्दल आलेल्या पत्रांत एकच काळजी पुन्हा पुन्हा दिसली: हातांचा व्यायाम जास्त होतोय की पायांचा? निवडक प्रश्न आणि आमची उत्तरं पुढे दिली आहेत.

प्रश्न : जिममध्ये आठ स्टेशनांचं सर्किट करते. स्क्वॉट (बैठक), लंजेस (एक पाय पुढे टाकून बसणं), स्टेप-अप (पायरीवर चढणं-उतरणं), जंप स्क्वॉट (बैठकीतून उडी), मग पुश-अप, शोल्डर प्रेस (वजन डोक्यावर ढकलणं), डिप्स (हातांवर शरीर तोलून खाली-वर होणं) आणि प्लँक (कोपरांवर शरीर सरळ धरून ठेवणं). प्रत्येकी ४० सेकंद काम, २० सेकंद विश्रांती. चार पायांचे, चार हातांचे, म्हणजे हिशेब बरोबर वाटतो. पण चौथ्या स्टेशनपर्यंत मांड्या पेटतात, पुश-अप जेमतेम पाच-सहा होतात आणि दुसऱ्या फेरीत स्क्वॉट करताना गुडघे आत वळायला लागतात. माझी ताकद कमी पडते का? — वाचक, ठाणे

उत्तर : ताकदीचं नंतर बघू, आधी क्रम बदला. पायांची चार स्टेशनं ओळीने आली की मांडीला दर वेळी फक्त २० सेकंद मिळतात. स्नायूंमध्ये झटक्याच्या कामासाठी फॉस्फोक्रिएटिनचा साठा असतो. तो निम्मा भरून यायलाच साधारण अर्धं मिनिट लागतं आणि पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं. म्हणजे तुमचा प्रत्येक पुढचा व्यायाम अर्ध्या रिकाम्या साठ्यावर सुरू होतो. त्याऐवजी एक पायांचं, एक हातांचं अशी आलटून पालटून स्टेशनं लावा. आता पायांच्या दोन स्टेशनांमध्ये २० अधिक ४० अधिक २०, असे ८० सेकंद मिळतील. एकूण वेळ तेवढाच आणि धापही तेवढीच, कारण हृदयाला यात सुट्टी मिळत नाही. विसावा मिळतो तो फक्त त्या त्या स्नायूला. सर्किटचा पाया हाच आहे. १९५३ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात मॉर्गन आणि अ‍ॅडमसन यांनी ही पद्धत बसवली, तेव्हाही एकाच स्नायूगटाची स्टेशनं शेजारी शेजारी येऊ नयेत, यावर भर होता.

गुडघे आत वळतात ते मुख्यतः चौथ्या जागेवरच्या जंप स्क्वॉटमुळे. दमलेल्या पायांवर उडी मारली की उतरताना खुब्याचे बाजूचे स्नायू गुडघ्याला आवरू शकत नाहीत आणि तेच वळण पुढच्या फेरीच्या साध्या स्क्वॉटमध्ये शिरतं. उडीचा व्यायाम ठेवायचाच असेल तर सर्किट सुरू होण्याआधी, ताज्या पायांनी, ५-६ उड्यांचे दोन संच करा. सर्किटच्या आत तो नको.

आता तुमच्या चार-चारच्या हिशेबाकडे येऊ. पायांचे चारही व्यायाम गुडघा वाकवून सरळ करण्याचे आहेत, म्हणजे चौघांचा मुख्य भार मांडीच्या पुढच्या स्नायूंवर. हातांकडे पुश-अप, प्रेस आणि डिप्स हे तिन्ही ढकलण्याचे आणि प्लँकमध्येही भार त्याच खांद्यांवर. ओढण्याचा व्यायाम एकही नाही. खुब्यातून वाकून उठण्याचाही नाही. कागदावर समतोल दिसतो, पण पाठ आणि मांडीची मागची बाजू जवळजवळ रिकामी बसली आहे. म्हणून हात आणि पाय असं मोजूच नका. चार हालचाली मोजा: ढकलणं, ओढणं, गुडघ्यातून बसणं, खुब्यातून वाकणं. आठ स्टेशनांत प्रत्येकीला किमान एक जागा हवी आणि ओढण्याला दोन.

तुमच्यासाठी हा क्रम सुचवतो: पुश-अप, स्क्वॉट, एका हाताने डंबेल रो (वाकून वजन वर ओढणं), ग्लूट ब्रिज (पाठीवर पडून नितंब उचलणं), शोल्डर प्रेस, स्टेप-अप, लॅट पुलडाउन (मशीनवर वरचा बार छातीकडे ओढणं) किंवा बँडची ओढ आणि शेवटी साइड प्लँक (कुशीवरचा प्लँक). दोन फेऱ्यांमध्ये ९० सेकंद ते २ मिनिटं थांबा.

क्रम लावताना आणखी दोन ठिकाणी फसगत होते. पहिली पकडीची. दोन्ही हातांत डंबेल घेऊन लंजेस, मग रो, मग डेडलिफ्ट (खुब्यातून वाकून वजन उचलणं), असं लावलं तर कागदावर पाय-हात-पाय आहे, पण बोटांना आणि मनगटाला तिन्ही वेळा काम आहे. तिसऱ्या स्टेशनवर वजन निसटतं ते पाय थकले म्हणून नव्हे, मुठी थकल्या म्हणून. दुसरी कमरेची. वाकून करायचा रो आणि रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे किंचित वाकवून करायचा डेडलिफ्ट) एकामागे एक आले की कंबर सलग दोन स्टेशनं ताणलेली राहते आणि दुसऱ्या स्टेशनच्या शेवटी पाठीला बाक येतो. या दोघांमध्ये एखादा आडवं पडून किंवा उभ्याने करायचा व्यायाम घाला, नाहीतर रो करताना एक हात बाकावर टेका.

प्रश्न : घरीच करते. ४० सेकंदांत बैठका सहज तीस होतात, पुश-अप तीनच. पाय मुळातच मजबूत आहेत, तर हातांची स्टेशनं दुप्पट करू का? — वाचक, सोलापूर

उत्तर : स्टेशनं वाढवू नका. हातांचा व्यायाम सोपा करा आणि पायांचा अवघड. घड्याळ दोघांना सारखं असलं तरी काम सारखं होत नाही. तीन पुश-अपनंतर उरलेले ३५ सेकंद तुम्ही धडपडत असता, तर बैठकांच्या शेवटीही पायांना अजून पंधरा सहज जमल्या असत्या.

पुश-अपची पायरी अशी उतरत जाते: भिंत, स्वयंपाकाचा ओटा, भिंतीला टेकवलेली खुर्ची, जिन्याची खालून दुसरी पायरी, जमीन. बहुतेकांना ओट्यापासून सुरुवात जमते. हात ओट्याच्या कडेवर खांद्यांपेक्षा किंचित रुंद, टाचेपासून डोक्यापर्यंत शरीर एका रेषेत, आणि छाती कडेला लागेपर्यंत खाली. बहुतेक चुका इथेच होतात: छाती न जाता फक्त मान पुढे जाते, किंवा कंबर खाली झुलते. कोपरं शरीरापासून साधारण ४५ अंशांवर ठेवा, खांद्यांच्या रेषेत बाहेर फेकू नका. ओटा ओला नाही ना, तेही आधी बघा.

किती करायचे? लीड्सची जुनी पद्धत इथे उपयोगी पडते. एका दिवशी प्रत्येक व्यायाम जास्तीत जास्त किती वेळा नीट जमतो ते मोजायचं आणि सर्किटमध्ये त्याच्या निम्मा घ्यायचा. ओट्यावर १६ झाले तर सर्किटमध्ये ८. थांबताना अजून निदान दोन-तीन झाले असते असं वाटलं पाहिजे. तिन्ही फेऱ्यांत १२ व्हायला लागले की एक पायरी खाली उतरा.

पायांना उलट. छातीशी तांदळाची ५ किलोची पिशवी धरा, खाली जाताना मनात तीन मोजा, तळाशी एक क्षण थांबा, मग उठा. ते सोपं झालं की एक पाय मागे नेऊन स्प्लिट स्क्वॉट, दोन्ही बाजूंनी ८-८. एवढ्यावर तुमच्या तीसच्या दहा-बारा होतील आणि दोन्हीकडची मेहनत एका पातळीवर येईल.

प्रश्न : घरात पुल-अपचा बार नाही, लावायला जागाही नाही. ओढण्याचा व्यायाम कसा करायचा? — वाचक, डोंबिवली

उत्तर : पाठीवरची शाळेची सॅक घ्या, पुस्तकं किंवा पाण्याच्या बाटल्या भरा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणून वजन मोजणं सोपं. सुरुवातीला ५ ते ६ किलो. डावा हात आणि डावा गुडघा पलंगावर टेका, उजवा पाय जमिनीवर, पाठ सपाट. सॅक वरच्या हँडलने धरून कोपर मागे, पँटच्या खिशाच्या दिशेने न्या, काखेतून वर नको. वर एक सेकंद थांबा, मग सावकाश खाली. धड फिरवून झटका दिला तर वजन वर येतं, पण पाठीच्या स्नायूंना काम होत नाही. छाती शेवटपर्यंत जमिनीकडेच राहिली पाहिजे. प्रत्येक हाताने १० ते १२.

रबरी बँड घेणार असाल तर दारात अडकवताना एक गोष्ट पाळा: दार तुमच्यापासून दूर उघडणारं हवं. तुमच्याकडे उघडणाऱ्या दाराला बँड लावून ओढलं तर सगळा ताण कडीवर येतो आणि ती निसटली की दार थेट तोंडावर. बँड छातीच्या उंचीवर लावून रो आणि चेहऱ्याच्या उंचीवर लावून फेस पुल (बँड चेहऱ्याकडे ओढणं), हे दोन्ही पुरे आहेत. जेवणाच्या टेबलाखाली लटकून रो करण्याचे व्हिडिओ बरेच फिरतात. हलकं किंवा काचेचं टेबल उलटतं, ते करू नका. जवळच्या बागेत ओपन जिम असेल तर तिथला आडवा बार या कामाला उत्तम.

प्रश्न : एक दिवस फक्त हात, एक दिवस फक्त पाय असं सर्किट चालेल का?

उत्तर : चालतं, पण मग त्यात सर्किटचा मुख्य फायदा उरत नाही, कारण एका भागाला विसावा देताना काम करायला दुसरा भागच नसतो. आठवड्यात दोन-तीन दिवसच मिळत असतील तर दर वेळी पूर्ण शरीर करा. प्रत्येक मोठ्या स्नायूगटाला आठवड्यातून किमान दोनदा ताकदीचं काम मिळावं, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही मग सहज पाळला जातो. दोन दिवसांमध्ये एक दिवस मोकळा ठेवा.

प्रश्न : तालमीत जाणं सुटलं, पण घरी रोज ५० जोर आणि १०० बैठका काढतो. जोर वरचे, बैठका खालच्या. यापेक्षा वेगळं सर्किट करायची गरज आहे का? — वाचक, कोल्हापूर

उत्तर : जोर आणि बैठका हे दोन्ही खणखणीत व्यायाम आहेत, ते सोडू नका. पण तालमीत ते एकटे कधीच नव्हते. तिथे फावड्याने कुस्तीचा मातीचा हौद उकरायचा असतो, दोरी चढायची असते, जोडीदाराला पकडून खेचायचं आणि उचलायचं असतं. ओढणं आणि खुब्यातून वाकून उठणं हे सगळं त्यातून होत होतं, वेगळं मोजायची गरज पडत नव्हती. तालीम सुटली, माती सुटली आणि घरी उरले जोर-बैठका. जोरात छाती, खांद्याची पुढची बाजू आणि दंडाची मागची बाजू. बैठकीत मांडीची पुढची बाजू आणि, टाचा उचलून काढत असाल तर, पोटऱ्या. मागची सगळी बाजू तुमच्या दिनक्रमातून गळाली आहे. काही वर्षांनी खांदे पुढे ओढलेले आणि हात डोक्यावर सरळ नेताना अडचण, असं होऊ शकतं. मुद्गल किंवा करेल (तालमीतली फिरवायची लाकडी वजनं) फिरवल्याने खांदा मोकळा राहतो, पण ते ओढण्याच्या ताकदीची जागा घेत नाही.

आहे तेच सर्किटात बसवा. १० जोर, २० बैठका, मग बारवर ५ ते ८ पुल-अप (जमत नसतील तर सॅकचा रो), मग खुब्यातून वाकून १५ किलोची गोणी १२ वेळा उचलणं. अशा पाच फेऱ्या. जोर तुमचे ५० आणि बैठका १०० भरतातच, शिवाय मागची बाजू जोडीला येते. गोणी उचलताना गुडघे किंचित वाकलेले, नितंब मागे ढकललेले, गोणी मांड्यांना घासत खाली आणि पाठ सपाट. गोणी पायांपासून फूटभर पुढे गेली की सगळा भार कमरेवर पडतो.

पहिले दोन आठवडे रोज नको, एक दिवस आड करा. मधल्या दिवशी हलके जोर-बैठका चालतील. गुडघ्यात कुरकुर असेल तर बैठक टाचा टेकवून आणि मागे ठेवलेल्या स्टुलाला स्पर्श होईपर्यंतच काढा. टाचा उचलून खोल जाताना गुडघा बोटांच्या बराच पुढे जातो आणि वाटीवरचा दाब वाढतो. निरोगी गुडघा तो सहज पेलतो, दुखरा नाही.

सूर्यनमस्काराबद्दलही दोघांनी विचारलं आहे. त्यात खुब्यातून वाकणं आहे, ढकलणं आहे, पण ओढणं नाही. १२ सूर्यनमस्कारांनंतर सॅकच्या रोचे दोन संच जोडले की काम भागतं.

प्रश्न : वय ६१, रक्तदाबाची गोळी चालू आहे, गोळीवर तो आटोक्यात आहे. सोसायटीतल्या गटात सर्किट करते. जमिनीवरचा व्यायाम झाला की लगेच उभं राहून हात डोक्यावर न्यायचे असतात, तेव्हा गरगरतं. हातांचे व्यायाम बंद करू का? — वाचक, पुणे

उत्तर : बंद करायची गरज नाही, जागा बदला. आडवं पडून झटकन उठलं की रक्त पायांकडे उतरतं आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे शरीराला ते सावरायला जास्त वेळ लागतो. म्हणून आधी उभ्याने आणि खुर्चीवर करायची स्टेशनं, आणि जमिनीवरची सगळी एकत्र शेवटी. उठताना आधी कुशीवर, मग बसून दहा-पंधरा सेकंद, मग उभं.

गरगरणं डॉक्टरांच्या कानावर जरूर घाला, गोळीची मात्रा किंवा वेळ बदलावी लागू शकते. छातीत दुखलं, दम असह्य झाला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांबा, ती फेरी पुरी करू नका.

हातांच्या स्टेशनांबद्दल हे लक्षात ठेवा: सारखंच काम हातांनी केलं तर पायांपेक्षा नाडी आणि रक्तदाब जास्त वर जातात, कारण ते काम कमी स्नायूंच्या वाट्याला येतं. म्हणून डोक्यावर वजन ढकलण्याऐवजी छातीच्या उंचीवर ढकला आणि ओढा, एक किंवा दोन किलोने. हातांचं एक, पायांचं एक हा क्रम तुम्हालाही लागू, फक्त काम ३० सेकंद आणि विश्रांतीही ३० सेकंद ठेवा. श्वास अडवू नका. जोर लावताना सोडा, परतताना घ्या. गटात मोठ्याने आकडे मोजले तर श्वास आपोआप चालू राहतो. भिंतीला टेकून बसणं किंवा प्लँक असे धरून ठेवायचे व्यायाम सुरुवातीला १०-१५ सेकंदांपुरतेच. गोळी बीटा-ब्लॉकर गटातली असेल तर नाडी मोजून मेहनत ठरवू नका, कारण ती गोळी नाडी खाली ठेवते. व्यायाम करताना छोटं वाक्य सलग बोलता आलं पाहिजे, हे माप वापरा. विसाव्यातला रक्तदाब १८०/११० च्या वर दिसला तर त्या दिवशी व्यायाम नाही, डॉक्टरांशी बोला.

प्रश्न : पोलीस भरतीची तयारी करतोय. रोज सकाळी ५ किलोमीटर धावतो, संध्याकाळी सर्किट: बैठका, लंजेस, बॉक्स जंप (उंचवट्यावर उडी), बर्पी (खाली बसून पाय मागे फेकणं आणि उठून उडी), पुश-अप, प्लँक. दोन महिने झाले, १६०० मीटरचा वेळ आहे तिथेच आहे, गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं, गोळाही लांब जात नाही. हातांचा व्यायाम वाढवला तर गोळा सुधारेल का? — वाचक, बीड

उत्तर : वाढवा, पण त्याआधी पायांवरचा बोजा उतरवा. धावणं हे पायांचंच काम आहे आणि ते तुमच्या खात्यात रोज जमा होतंय. त्यावर संध्याकाळी बैठका, लंजेस, उड्या आणि बर्पी. बर्पीत तर हात-पाय दोन्ही एकदम कामाला लागतात, म्हणजे आलटून पालटून विसावा देण्याचा हेतूच उरत नाही. वाटीखालचं दुखणं बहुधा तिथल्या स्नायुबंधाला सावरायला वेळ न मिळाल्याचं आहे. पण गुडघा सुजला असेल किंवा मध्येच अडकत असेल तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

उड्या आणि बर्पी सध्या पूर्ण बंद. सर्किट आठवड्यातून दोनच दिवस, सहा स्टेशनांचं: पुश-अप, खुब्यातून वाकून गोणी उचलणं, पुल-अप, स्प्लिट स्क्वॉट, एका हाताने डोक्यावर वजन ढकलणं, साइड प्लँक. स्प्लिट स्क्वॉट फक्त ६-६, सावकाश, दुखणार नाही इतकंच खोल. करताना दुखणं दहापैकी तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं नसेल तर चालू ठेवा, वाढलं तर खोली कमी करा.

आठवडा असा लावा. सोमवारी ४०० मीटरच्या चार ते पाच धावा, मध्ये दोन-दोन मिनिटं. मंगळवारी सर्किट. बुधवारी ५ किलोमीटर सावकाश. गुरुवारी गोळाफेक, आणि त्यानंतर सर्किट. शुक्रवारी पूर्ण विश्रांती. शनिवारी १०० मीटरच्या सहा धावा, पूर्ण दम घेऊन. रविवारी सावकाश ४ किलोमीटर. रोज तेच ५ किलोमीटर एकाच वेगाने धावल्याने १६०० मीटरचा वेळ उतरत नाही, त्यासाठी सोमवारच्या वेगवान धावा हव्यातच.

गोळा खांद्याने जातो असं वाटतं, पण पुरुषांचा ७.२६० किलोचा गोळा दूर नेणारा जोर मागच्या पायातून निघतो, खुब्याच्या वळणातून वर येतो आणि हात तो फक्त शेवटी सोडतो. म्हणूनच सर्किटातून पाय काढून टाकायचे नाहीत. बैठकांऐवजी गोणी उचलणं दिलं ते याचसाठी. गोळा तळहातात खोल न घेता बोटांच्या मुळाशी ठेवा, सुटेपर्यंत मानेला टेकलेला असू द्या आणि कोपर गोळ्याच्या मागे ठेवा. कोपर खाली पडलं की ते ढकलणं न राहता चेंडूसारखं फेकणं होतं, अंतर घटतं आणि कोपर दुखायला लागतं. गुरुवारी ताज्या अंगाने १२ ते १५ फेकी पुरेत. सर्किटनंतर थकल्या हाताने फेकलात तर अंगवळणी चुकीची फेक पडते. महिला उमेदवारांना ८०० मीटर आणि ४ किलोचा गोळा असतो. आखणी हीच, फक्त सोमवारच्या धावा २०० मीटरच्या, सहा ते आठ.

मैदानी चाचणीआधीच्या शेवटच्या १० दिवसांत सर्किट एकदाच, एकच फेरी, तीही चाचणीच्या किमान पाच दिवस आधी.